ग्रॅम स्टेन, हापशीचं पाणी आणि एचओडी सरांचं ‘स्टँडर्ड’

पत्र, थोडक्यात: मी नागपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मायक्रोबायोलॉजी शिकवते. बी.एस्सी. सेकंड इयरच्या वर्गात यंदा तीन गोष्टी झाल्या. ग्रॅम स्टेनच्या (जिवाणू रंगवून जांभळे म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह, गुलाबी म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह असं ओळखायच्या) प्रॅक्टिकलनंतर एक मुलगा हळूच म्हणाला, ‘मॅडम, मले दोन्ही एकसारखेच दिसते जी. विषय बदलून घेऊ का?’ पुढच्या आठवड्यात मुलांना घरचं पिण्याचं पाणी तपासायला आणायला सांगितलं आणि निकाल नावं-पत्त्यांसकट फळ्यावर मांडले. एकाच वस्तीतल्या दोघींचे नमुने सगळ्यात खराब निघाले, मागून कुणीतरी काहीतरी बोललं, वर्ग हसला. तेव्हापासून त्या दोघी प्रॅक्टिकलला आल्या नाहीत. आणि गडचिरोली-गोंदियाकडची मराठी माध्यमातली मुलं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंडच उघडत नाहीत. एचओडी सरांशी, म्हणजे विभागप्रमुखांशी, बोलले तर ते म्हणाले, ‘प्रत्येकासाठी वेगळं करत बसलो तर स्टँडर्ड काय राहील?’ सरांचं पटत नाही, पण उत्तरही सुचलं नाही. काय करू?
(एक शिक्षिका, नागपूर)

मॅडम,

पत्राचा क्रम थोडा बदलते. आधी तो मुलगा, कारण तो विषय सोडायच्या बेतात आहे. त्याला आजच सांगा की विषय बदलायची काही गरज नाही. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तो बहुधा रंगांधळा आहे. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त आढळतो. दरवर्षी नाही, तरी थोड्याथोड्या वर्षांनी असा एखादा मुलगा वर्गात असणारच. बहुतेक जण बोलत नाहीत. शेजारच्याच्या रेकॉर्डमध्ये डोकावून ‘पिंक रॉड्स’ लिहून मोकळे होतात आणि आपण लाल पेनाने ‘गुड’ देतो. तुमच्याकडे येऊन एकाने खरं सांगितलं, म्हणजे वर्गात तुमची भीती वाटत नाही एवढं नक्की.

आता ग्रॅम स्टेनमध्ये आपण नक्की काय तपासतो ते बघू. स्मिअर (काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर) पातळ झाला का, हीट फिक्स करताना जळला का, क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगानंतर आयोडीन विसरला का, अल्कोहोल किती सेकंद ठेवलं, जाड पेप्टिडोग्लायकनची भिंत रंग का धरून ठेवते, पेशी गोल की दंडाकार, साखळीत की घोसात. या सगळ्यात रंग ओळखणं ही शेवटची एक पायरी आहे, आणि ती चांगल्या डोळ्यांनाही फसवते. बॅसिलसचं जुनं कल्चर घ्या, ग्रॅम-पॉझिटिव्ह असून गुलाबी दिसेल. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं तरी तेच. म्हणून तर चांगल्या लॅबमध्ये प्रत्येक वेळी माहितीतला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह सोबत रंगवतात. हा नियम तुमच्या अख्ख्या वर्गाला लावा, त्या मुलाचं निम्मं काम तिथेच होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी दोन उपाय आहेत, दोन्ही स्वस्त.

पहिला उपाय म्हणजे नारिंगी-लाल जिलेटिन कागद. सीताबर्डीला कुठल्याही मोठ्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. त्याची गोल चकती कापून मायक्रोस्कोपच्या दिव्यावर ठेवायची. क्रिस्टल व्हायोलेट साधारण ५९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, सॅफ्रनिन ५२० च्या आसपास. त्यामुळे या उजेडात सॅफ्रनिनचा गुलाबी जवळजवळ विरून जातो आणि जांभळ्या पेशी काळपट उठून दिसतात. मुलाने ‘जांभळा की गुलाबी’ ऐवजी ‘गडद की फिकट’ वाचायचं. वर्गात द्यायच्या आधी स्वतः करून बघा. एकाच स्लाइडवर स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलाय मिसळून रंगवा. आकारावरूनच कोण कोण ते कळतं, म्हणजे कागदाची जाडी आणि छटा बरोबर आहे का ते लगेच ताडता येईल. एक थर पुरत नसेल तर दोन लावा.

दुसरा उपाय पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. स्लाइडवर ३ टक्के द्रावणाचा थेंब घ्या, ताज्या कॉलनीचा लूपभर भाग त्यात कालवा आणि अर्ध्या-एक मिनिटाने लूप हळूच वर उचला. ग्रॅम-निगेटिव्ह असेल तर पाकाला येते तशी तार येते. त्यांची भिंत अल्कलीत फुटते, डीएनए बाहेर सांडतो आणि द्रव चिकट होतो. ग्रॅम-पॉझिटिव्ह असेल तर पाण्यासारखंच राहतं. जपानमध्ये १९३८ मध्ये मांडलेली ही युक्ती अजून वापरात आहे. काही जिवाणू इथेही दगा देतात, पण ग्रॅम स्टेन तरी कुठे शंभर टक्के इमानदार आहे? मात्र ही टेस्ट त्या एकट्यालाच करायला देऊ नका, सगळ्या वर्गाकडून करून घ्या. एकट्याला दिली की ती ‘त्याची टेस्ट’ होते, सगळ्यांनी केली की ती ‘कन्फर्मेटरी टेस्ट’ होते. फक्त चष्मा आणि हातमोजे सगळ्यांनाच, द्रावण त्वचेला आणि डोळ्यांना वाईट.

पुढच्या टेस्ट्सकडेही याच नजरेने एकदा बघून ठेवा. कॅटालेजला बुडबुडे येतात, कोअ‍ॅग्युलेजला गुठळी होते, डरहॅम ट्यूबमध्ये गॅस अडकतो, इथे रंगाचा संबंधच नाही. मिथिल रेड, इंडोलचं वलय, मॅनिटॉल सॉल्ट अगार इथे मात्र तो अडेल. तिथे रंग जोडीदाराने सांगावा आणि निष्कर्ष त्याने काढावा. रेकॉर्डमध्येही उघडपणे लिहू द्या: ‘रंगाचं वाचन सहकाऱ्याने केलं.’ अ‍ॅसिड झालं की नाही हे बघायला पीएच मीटर आहेच, कपाटात कुलपात असेल तर बाहेर काढा.

एक गोष्ट त्याच्यापासून लपवू नका. पॅथॉलॉजी लॅबमधल्या काही नोकऱ्यांत रंगदृष्टी तपासतात, तिथे त्याला अडचण येईल. हे त्याला आत्ता, बसून, नीट सांगा. फर्मेंटेशन, अन्नाचं मायक्रोबायोलॉजी, जिनोमिक्स, बायोइन्फर्मॅटिक्स ही दारं उघडी आहेत हेही सांगा. आणि रंगांधळेपणामुळे त्रिपुरातल्या दोन मुलांना एमबीबीएसला प्रवेश नाकारला होता, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, हेही त्याला माहीत असू द्या. डॉक्टर होता येत असेल तर बी.एस्सी. मायक्रो का होऊ नये?

आता पाण्याचं. इथे मी जरा कडक लिहिणार आहे. नावं-पत्त्यांसकट निकाल फळ्यावर लिहिणं ही चूक होती, आणि ती तुमची होती. मागच्या बाकावरचा जो बोलला त्याच्यावर ढकलू नका. त्याला वाक्य फळ्यानेच सुचवलं.

आपल्या विषयात ‘घाण’, ‘अस्वच्छ वस्ती’, ‘कंटॅमिनेशनचा सोर्स’ हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि आपल्याला ते निव्वळ तांत्रिक वाटतात. वर्गात बसलेल्या सगळ्यांना ते तसेच ऐकू येतात असं नाही. तुम्ही नागपुरात शिकवता. चवदार तळ्याचं पाणी पिण्याचा हक्क मिळावा म्हणून महाडला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, आणि तो करणाऱ्या बाबासाहेबांनी १९५६ मध्ये याच शहरात दीक्षा घेतली. कुणाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणाऱ्या समाजात तुम्ही ‘अमक्या वस्तीचं पाणी सगळ्यात दूषित’ असं खडूने लिहिलंत. तुमच्या मनात तसलं काही नव्हतं, हे पत्रावरून कळतं. त्या दोघींना ते कसं कळावं?

त्यांना भेटा. वर्गासमोर नको, डिपार्टमेंटमध्ये बोलावून तर अजिबात नको, तिथे सर बसलेले असतात. कॅन्टीनला किंवा त्यांच्या लेक्चरनंतर व्हरांड्यात, दोन मिनिटं. ‘मी तसं लिहायला नको होतं’ एवढं म्हणा. कारणं देऊ नका, आणि ‘तुम्ही मनाला लावून घेतलं’ हे तर चुकूनही नको. बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करायची सोय द्या.

मग तेच प्रॅक्टिकल पुन्हा घ्या, सगळ्यांचं. बाटल्यांवर फक्त नंबर, यादी तुमच्याकडे. मुलांच्या नमुन्यांत आपले तीन-चार मिसळा: स्टाफरूमचा कूलर, कॅन्टीनची टाकी, प्रिन्सिपॉलच्या केबिनमधला जार, कॉलेजच्या मागची हापशी. डरहॅम ट्यूबा, लॅक्टोज ब्रॉथ, १० मिली, १ मिली, ०.१ मिली, एमपीएनचा (जिवाणूंच्या अंदाजी संख्येचा) तक्ता, सगळं नेहमीचंच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, काय सांगतं ते आधी वाचून घ्या: १०० मिलीमध्ये कोलिफॉर्म (दूषिततेची खूण समजले जाणारे जिवाणू) सापडताच कामा नयेत. मग निकाल वाचा. कूलरची टाकी कित्येक महिन्यांत कुणी घासलेली नसते, त्यामुळे निकाल बहुधा मनोरंजक निघेल. मी पैज लावत नाही, पण तुम्ही लावा.

खरा धडा त्याच्या पुढे आहे. ‘कुणाचं पाणी खराब’ हा प्रश्न बदलून ‘पाणी कुठे खराब झालं’ असा विचारा. जिथे नळ दिवसातून तासभर येतो तिथे पाणी बंद झाल्यावर पाइपातला दाब उतरतो. जुन्या पाइपाला चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ सोडला की पहिली बादली तीच. यात घरातल्या बाईच्या स्वच्छतेचा काय दोष? पाइप कुणी टाकला, गटारीच्या किती जवळ टाकला, हा प्रश्न आहे. वर्धा रोडला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९५८ पासून नागपुरात पाण्या-सांडपाण्यावर काम चालू आहे. तुमच्या वर्गाला तिथल्या माणसांनी तासभर हे समजावलं तर तुमच्या फळ्यापेक्षा बरंच काम होईल.

तसंच ते हाताच्या स्वॅबचं प्रॅक्टिकल. हात धुण्याआधीची आणि नंतरची प्लेट, मग सगळ्यात जास्त कॉलन्या कुणाच्या म्हणून हशा. तिथेही नंबर टाका. आणि त्वचेवर जिवाणू असणं हेच नॉर्मल, हे आधी सांगा, हशा झाल्यावर नाही.

तिसरी गोष्ट, न बोलणारी मुलं. त्यांना येत नाही असं गृहीत धरू नका. व्हायवात एका मिनिटात चार कामं असतात: इंग्रजी प्रश्न समजणं, उत्तर आठवणं, ते इंग्रजीत बांधणं, आणि समोर बसलेल्या दोघांना न घाबरणं. मायक्रोबायोलॉजी त्यातलं फक्त दुसरं. तर आधी मराठीत सांगू द्या. ‘अल्कोहोलने पातळ भिंतवाल्यांचा रंग निघून जाते, जाडवाल्यांचा नाही निघत’ हे वाक्य विज्ञान म्हणून पूर्ण आहे. त्यानंतर ‘याला इंग्रजीत काय म्हणतात?’ विचारा, तो शब्द त्यांना यायलाच हवा, त्यात सूट नको. लेखी परीक्षेत तोच लागणार, नोकरीतही तोच. पण एका दमात दोन्ही मागू नका. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प बसा. आपण शिक्षक लोक दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतो. आणि शक्य असेल तर व्हायवा खुर्चीत बसवून घेऊ नका, मायक्रोस्कोपपाशी उभं राहून घ्या. ‘दाखव आणि सांग’ म्हटलं की हात चालू होतात आणि पाठोपाठ तोंडही.

उदाहरणं कुठून घेता तेही बघा. फर्मेंटेशन म्हटलं की आपल्या पुस्तकात वाइन आणि बिअर. गडचिरोलीच्या मुलीने द्राक्षाचा मळा कधी पाहिलेला नसेल, पण भिजवलेली मोहफुलं फसफसायला लागली की वास कसा बदलत जातो हे कदाचित तिला ठाऊक असेल. आंबील सगळ्यांनाच माहीत. संत्र्यावरची हिरवी बुरशी तर नागपुरात पाठ्यपुस्तकाआधी टोपलीत दिसते, पेनिसिलियम डिजिटॅटम शिकवायला चित्र कशाला हवं? फक्त मोहफुलांचा विषय काढून तिच्याकडे बोट दाखवत ‘तुमच्याकडे करतात नं?’ असं म्हणू नका. वर्ग लगेच दारूवर जातो. उदाहरण तुम्ही द्या, तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट सांगतेच, कारण ती विदर्भातली आहे. तुमच्या वर्गात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एखादा विद्यार्थी असण्याची शक्यता बरीच आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की त्यांना क्रायसिस येऊ शकतो, वेदना सहन होत नाहीत. आपल्या लॅबचा नियम काय? आत खाणंपिणं बंद. नियम बरोबरच आहे, तो मोडायचा नाही. पण मार्च-एप्रिलचं नागपूर, बर्नर पेटलेले, पंखे बंद आणि प्रॅक्टिकल तीन-चार तासांचं. म्हणून बाटल्या दाराबाहेरच्या बाकावर ठेवा आणि दर तासाला सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर पाठवा, हात धुऊन, अ‍ॅप्रन काढून. कुणी विचारायला नको, कुणी सांगायला नको. या आजारात प्लीहा हळूहळू निकामी होते आणि न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचा धोका वाढतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीला सगळ्या वर्गाला एकच वाक्य सांगा: ‘तब्येतीमुळे कुठलं कल्चर हाताळायला नको असेल तर मला एकट्यात सांगा, वर्गात कारण विचारणार नाही.’ गरोदर मुलीला, स्टिरॉइडवर असलेल्या मुलाला, सगळ्यांना ते लागू पडतं. आणि मलेरिया-सिकलसेलचा संबंध शिकवताना ‘कुणाच्या घरी आहे का?’ म्हणून हात वर करायला लावू नका.

बारीकसारीक बाकीचं पटकन. जिवाणू वाढवायच्या मीडियांपैकी न्यूट्रिएंट अगारमध्ये बीफ एक्स्ट्रॅक्ट असतो, ब्लड अगारमध्ये मेंढीचं रक्त. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, मधेच कळलं की मुलं दुखावतात. वनस्पतिजन्य पेप्टोनचे मीडिया बाजारात मिळतात. बर्नरपाशी सैल कापड नको हा नियम ओढणी, हिजाब, मफलर, लांब केस सगळ्यांना एकाच वाक्यात सांगा: सुती असावं आणि अ‍ॅप्रनच्या आत खोचलेलं असावं. आणि गटात कोण काय करतं ते एकदा लांबून बघा. मायक्रोस्कोप एकाच्याच हातात आणि स्लाइड-पेट्रीप्लेटा घासायला दरवेळी त्याच दोन मुली, असं असेल तर भिंतीवर पाळीचा तक्ता लावा. भांडी कुणी घासायची हे आपल्याकडे कधीच आपोआप ठरत नाही.

राहिले सर. त्यांच्याशी तात्त्विक वाद घालू नका. ‘सर, या प्रॅक्टिकलचे मार्क नक्की कशाकशाला?’ एवढं विचारा आणि कागदावर लिहून मागा. स्मिअर, रंगवण्याचा क्रम, फोकसिंग, आकार, निष्कर्ष, कारण. यात ‘लाल-हिरवा ओळखता येणं’ किंवा ‘इंग्रजीत न अडखळणं’ असं ते स्वतःच्या हाताने लिहिणार नाहीत, कुणीच लिहीत नाही. मग जे लिहिलंय ते प्रत्येकाकडून पूर्ण वसूल करा, एक मार्कही सोडू नका. स्टँडर्ड तिथे आहे. आजवर शेजारचं बघून ‘पिंक रॉड्स’ लिहिणाऱ्याला पास करत होतो, तेव्हा ते कुठे होतं असं विचारायचा मोह होईल. आवरा, तुम्ही तासिकेवर आहात.

तेवढ्यानेही काम झालं नाही तर तोंडी बोलणं थांबवून दोन ओळींचं पत्र द्या, प्रत कॉलेजच्या समान संधी कक्षाला. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी आणि सर्वसमावेशक वातावरण हे मुद्दे आलेले आहेत, त्याचा ओझरता उल्लेख करा. नॅकचं नाव काढल्यावर आपल्या कॉलेजांत कुलपं कशी पटापट उघडतात ते तुम्हाला मी काय सांगावं.

त्या मुलाच्या परीक्षेचं मात्र लांबणीवर टाकू नका. दिव्यांग हक्क कायद्यातल्या, २०१६ च्या, २१ प्रकारांच्या यादीत रंगांधळेपणा नाही, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात अर्थ नाही. नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी घ्या, त्याच्या संमतीने अर्ज करा, आणि प्रॅक्टिकलच्या तारखा लागायच्या आधीच तो प्रिन्सिपॉलच्या सहीने पुढे जाऊ द्या. अर्जात तीनच मागण्या असाव्यात: दिव्यावर फिल्टर, सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची टेस्ट, आणि बायोकेमिकल टेस्ट्समध्ये रंग सांगायला एक माणूस. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले की चहाच्या वेळीच त्यांना ती जिलेटिनची चकती दाखवा आणि त्यांना स्वतःला मायक्रोस्कोपमधून बघू द्या; जुन्या खोडांना असल्या युक्त्या आवडतात. चकती मात्र मायक्रोस्कोपला चिकटवून ठेवू नका, त्या मुलाच्याच खिशात असू द्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅब अटेंडंट सगळे मायक्रोस्कोप चकाचक पुसतात आणि असला कागद पहिल्या फटक्यात कचऱ्यात जातो.